न मोजलेला मार

रुग्णवाहिकेवरील एकाद्या माणसाच्या अंगावर कोणी हात टाकला असें कानावर आलें, म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून जी प्रतिक्रिया उमटते तिचा नमुना ठरलेला आहे. प्रथम ‘अरेरे’ होतें. मग ‘लोक अगदींच अडाणी आहेत’ असा निर्णय होतो. आणि शेवटीं, चहाचा पेला खालीं ठेवतां ठेवतां, ‘पण काय करणार, त्या कामांत एवढें चालायचेंच’ ह्या वाक्यानें विषय मिटतो. ह्या तीन उद्गारांपैकीं पहिला निरुपद्रवी आहे, दुसरा खोटा आहे आणि तिसरा घातक आहे, असें आमचें मत आहे, व तें आम्ही आज कांहींशा तीव्रतेनें मांडणार आहों. वाचकांपैकीं कित्येकांस तें रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. आम्हांसहि तें प्रथम रुचलें नव्हतें.

दुसरा उद्गार खोटा कां, हें दाखविण्यासाठीं आमच्याच जिन्यांतील एक हकीकत सांगितली पाहिजे. आम्ही राहतों त्या इमारतींत बत्तीस बिऱ्हाडें आहेत. त्यांत प्राध्यापक आहेत, बँकेंतले अधिकारी आहेत, दोन वकील आहेत, आणि ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत असे निवृत्त लोक तर पुष्कळच आहेत. त्यांपैकीं एका घरच्या वृद्ध गृहस्थांस पहांटे छातींत कळ आली. एकशेंआठ क्रमांकावर फोन गेला. गाडी आली, पण फाटकाच्या तोंडाशीं दोन मोटारी आडव्या लावलेल्या होत्या, त्यांच्या मालकांस झोपेंतून उठवून किल्ल्या आणवीपर्यंत दहा मिनिटें गेलीं. लिफ्टमध्यें स्ट्रेचर मावेना. जिन्यानें न्यावें तर वळणावळणावर मुलांच्या सायकली, एक जुनें कपाट आणि मोडका पाळणा. चालक खालून ओरडला, ‘काका, आधी त्या सायकली काढा हो!’ ह्यावर तिसऱ्या मजल्यावरील, एरव्हीं अत्यंत सौम्य अशा एका गृहस्थांनीं खालीं उतरून त्याची कॉलर धरली. ‘उशिरा येतोस आणि वर आम्हांलाच शिकवतोस?’ हे त्यांचे शब्द. गाडीबरोबर आलेली डॉक्टर मुलगी—पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल—रुग्णाच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा धरून उभी होती. तिला कोणीतरी मागून ढकललें. दोघे-तिघे मोबाइलवर ह्या सर्वांचें चित्रण करीत होते. आम्ही त्या वेळीं दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशीं उभे होतों, आणि आम्ही कांहीं बोललों नाहीं.

गृहस्थ वाचले, हें सांगून टाकणें बरें. गाडीचें दार लावतांना चालकाच्या शर्टाचीं वरचीं दोन बटणें तुटलेलीं आम्हांस दिसलीं. ‘तक्रार करणार कां?’ असें आम्हीं त्यास विचारलें. लाज वाटून विचारलें असेंच म्हटलें पाहिजे. तो म्हणाला, ‘कुठं लिहू काका? हे लिहायला बसलो तर पुढचा कॉल कोण घेणार?’ आणि गाडी गेली.

आतां ह्यांत अडाणी कोण होतें? ज्यांनीं कॉलर धरली त्यांच्या घरीं ग्रंथांचीं दोन कपाटें आहेत, आणि त्यांतील कांहीं ग्रंथ आम्हींहि वाचावयास आणलेले आहेत. जो विलंब झाला त्याचा मोठा भाग ह्या सुशिक्षितांच्याच मोटारींनीं आणि सायकलींनीं केलेला होता. मारणारा हा नेहमीं कोठल्या तरी लांबच्या वस्तींतला, दारू प्यालेला, आपल्याहून वेगळा असा कोणी इसम असतो ही समजूत आपणांस सोयीची आहे, एवढाच तिचा आधार.

तिसरा उद्गार अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण तो सहानुभूतीच्या वेषांत येतो. ‘एवढें चालायचेंच’ असें पूर्वीं गिरणीकामगाराच्या तुटलेल्या बोटांविषयींहि म्हटलें जात असे. पट्ट्यांत हात गेला तर तो कामगाराचा हलगर्जीपणा, किंवा त्याचें नशीब. १८८१ सालीं आपल्या देशांत कारखान्यांचा पहिला कायदा झाला आणि त्यांत धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कुंपण घालण्याची तरतूद आली, तेव्हां त्या कायद्यानें एक मोठी गोष्ट मान्य केली: इजा ही कामाचा भाग नसून कामाच्या मांडणींतील दोष आहे. यंत्राच्या बाबतींत जें आपण जवळजवळ दीडशें वर्षांपूर्वीं मानलें तें माणसाच्या मुठीच्या बाबतींत मानावयास आपण अद्याप तयार नाहीं. मूठ ही जणु पावसासारखी, कोणाच्या हातची नव्हे!

ह्या समजुतीवर पहिला चांगला घाव आमच्या माहितीप्रमाणें अमेरिकेंतील ज्या संशोधनानें घातला त्याची हकीकत मराठी वाचकांस ठाऊक असावी. त्या देशांतील पुष्कळ मोठ्या शहरांत आग विझविणारे आणि रुग्णवाहिकेवर काम करणारे एकाच दलांत असतात. एकच गणवेश, एकच ठाणें, एकच वेतनपत्रक. फिलाडेल्फिया शहराच्या अशा दलांतील इजांच्या नोंदी तेथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्यशाखेंतील जेनिफर टेलर व त्यांचे सहकारी ह्यांनीं तपासल्या, व इजा झालेल्यांपैकीं कांहींच्या मुलाखती घेतल्या. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा कीं, रुग्णाच्या हातून मार खाऊन जखमी होण्याचा संभव बंबावरच्या माणसापेक्षां रुग्णवाहिकेवरच्या पॅरामेडिकास सुमारें चौदा पट अधिक. दल तेंच, शहर तेंच, रस्तेहि तेच. तरी चौदा पट.

असें कां व्हावें? थोडा विचार केला तर उत्तर समोरच आहे. बंबवाला चार-सहा जणांच्या तुकडींत, अधिकाऱ्यासह, उघड्या रस्त्यावर काम करतो, आणि त्याचा शत्रु आग आहे. रुग्णवाहिकेवरील दोघे जण परक्याच्या घरांत, बंद दारांआड, रात्रीं-अपरात्रीं शिरतात. समोरचा माणूस दारूच्या अंमलांत असतो, अपस्माराच्या झटक्यांतून अर्धवट शुद्धीवर येत असतो, मधुमेहांत रक्तांतील साखर एकाएकीं उतरल्यामुळें भ्रमिष्ट झालेला असतो, किंवा केवळ भयानें वेडापिसा झालेला असतो. पुढें गाडीच्या त्या अरुंद पेटींत त्याच्याबरोबर एकटें बसावें लागतें. मागें हटावयास जागा नसते. ह्यांत ‘नशीब’ कोठें आहे? प्रत्येक गोष्ट आधीं सांगतां येण्याजोगी, आणि म्हणून आधीं कांहींशी टाळतां येण्याजोगी आहे. पण ही साधी तुलनाहि कोणी मोजल्याशिवाय दिसली नव्हती. मार खाणाऱ्यांसच ती दिसत नव्हती. कारण असला मार कामाचाच भाग आहे आणि तो नोंदवून कांहीं होत नाहीं, अशी समजूत त्यांच्यांतहि रूढ होती. थोडक्यांत, आमच्या चालकाचें ‘कुठं लिहू काका?’ हें वाक्य फिलाडेल्फियाच्या पॅरामेडिकाच्या तोंडीं घातलें तरी शोभेल.

आमच्याकडे मोजण्यापेक्षां गौरव करण्याची रीत अधिक. आम्ही गौरवाच्या विरुद्ध नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकिन ह्या जहाजास आग लागली. पोटांत कापसाच्या गांठी आणि त्यांच्याच शेजारीं स्फोटकें. आग विझवीत असतां जे स्फोट झाले त्यांत मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान मेले. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षीं १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो, आणि तो पाळला जावा. परंतु मेलेल्यांस मानवंदना देणें सोपें असतें, कारण ते कांहीं मागत नाहींत. जे जिवंत आहेत, ज्यांच्या मनगटास काल कोणीतरी चावा घेतला आहे, ज्यास तीन रात्री झोंप नाहीं, त्यांचें काय? २०२० सालच्या साथींत २२ मार्चला आपण गच्चींत उभे राहून थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजीं विमानांतून दवाखान्यांवर फुलें पडलीं. आणि ह्या दोन तारखांच्या मध्यें, एप्रिल महिन्यांत, घरोघर तपासणीस गेलेल्या आरोग्यसेवकांवर ठिकठिकाणीं दगड पडले. इतके कीं २२ एप्रिलला केंद्रशासनास तातडीनें वटहुकूम काढावा लागला. थाळी आणि दगड एकाच महिन्याच्या अंतरानें येऊं शकतात. ह्याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. ज्यास आपण देव ठरवितों त्यानें चमत्कार केला नाहीं म्हणजे त्यास बडवावयासहि आपण मोकळे होतों. आपल्या गांवोगांवच्या कित्येक ग्रामदेवतांस हा अनुभव आलेला आहे, पाऊस पडला नाहीं म्हणून पाण्यांत कोंडलेले देव आम्हीं लहानपणीं पाहिलेले आहेत.

मारापेक्षांहि कमी दिसणारी गोष्ट म्हणजे मनावरचा ताण. येथें सद्भावना किती फसवी असते ह्याचें एक उदाहरण आहे, व तें आम्ही थोडें विस्तारानें सांगतों. जेफ्री मिचेल नांवाचे एक अमेरिकन गृहस्थ, जे स्वतः अग्निशमन व रुग्णसेवेच्या कामांत होते, त्यांनीं १९८३ सालीं एक पद्धत सुचविली. भयंकर प्रसंगाहून परत आलेल्या तुकडीस लवकरांत लवकर एकत्र बसवावें, प्रत्येकानें काय पाहिलें, काय वाटलें, हें बोलून दाखवावें, म्हणजे मनांत विष सांचून राहणार नाहीं. कल्पना सुंदर, माणुसकीची, आणि अमलांत आणावयास स्वस्त. एका बैठकींत काम भागतें आणि वरिष्ठांस कांहीं केल्याचें समाधान मिळतें. ती झपाट्यानें जगभर पसरली. पुढें प्रयोग करून पाहिले गेले. त्या प्रयोगांचा एकत्र आढावा रोझ, बिसन आणि वेस्ली ह्यांनीं २००२ सालीं घेतला, तेव्हां असें दिसलें कीं अशा एका बैठकीनें पुढील मानसिक विकार टळत नाहींत. उलट एका प्रयोगांत तर ज्यांस बसविलें त्यांची स्थिति न बसविलेल्यांहून वाईट निघाली. २००५ सालीं ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शिकेनें ही पद्धत सरसकट वापरूं नये असें सांगितलें. हे प्रयोग बहुतेक अपघातांत सांपडलेल्या व्यक्तींवर एकेकट्यानें झालेले होते, दलांतील तुकड्यांवर नव्हे, हें आम्ही प्रामाणिकपणें नमूद करतों. मिचेल ह्यांच्या बाजूचे लोक तोच आक्षेप घेतात व त्यांत तथ्य आहे. तथापि कित्येक वर्षें एक उपाय केवळ तो चांगला वाटतो म्हणून चालू राहिला, ही गोष्ट उरतेच. दयेलाहि तराजू लागतो.

ताण हा एका भयंकर प्रसंगानें येतो ही कल्पनाच मुळांत अपुरी आहे. मोडलेल्या झोपा, जेवणाची न ठरलेली वेळ, दवाखान्याच्या दारांत खाट मिळेपर्यंत तासन्‌तास स्ट्रेचरजवळ उभें राहणें, आणि जो प्रसंग मुळीं तातडीचा नव्हता त्यासाठीं जिवाच्या आकांतानें धांवणें, ह्यांनीं माणूस हळूहळू झिजतो. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन ह्यांनीं ह्या झिजण्याचें मोजमाप १९८१ सालीं तयार केलें, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मंजूर केलेल्या आपल्या रोगवर्गीकरणांत ह्या अवस्थेस जागा दिली. पण रोग म्हणून नव्हे, कामाशीं निगडित अशी घटना म्हणून. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. रोग म्हटला म्हणजे औषध रोग्यास द्यावयाचें; कामांतून उद्भवलेली घटना म्हटली म्हणजे औषध कामास द्यावें लागतें. आणि झिजलेला माणूस तुटक बोलतो, तुटक बोललेल्यावर नातेवाइकांचा राग भडकतो, राग भडकला कीं मार बसतो, आणि मार खाल्लेला माणूस आणखी झिजतो. हें रहाट कोठें तरी तोडावयाचें असेल तर तें मार खाणाऱ्याच्या स्वभावापाशीं तुटणार नाहीं. आपल्याकडे मात्र प्रत्येक घटनेनंतर जें शिबिर भरतें तें त्यालाच ‘गोड बोलावें कसें’ हें शिकविण्याचें असतें!

टेलर ह्यांच्या मंडळीनें ह्या बाबतींत जो पुढला मार्ग धरला तो म्हणूनच आम्हांस आवडतो. त्यांनीं दलाचे अधिकारी, कामगारसंघांचे प्रतिनिधि आणि संशोधक ह्यांस एकत्र बसवून एक पडताळणीची यादी केली. तींत १७४ बाबी आहेत, आणि त्या कामाच्या सहा टप्प्यांत विभागलेल्या आहेत: प्रसंगापूर्वीं, वाटेंत, जागेवर पोंचतांना, शुश्रूषा करतांना, पुन्हा कामावर रुजू होण्याजोगी स्थिति आहे कीं नाहीं हें पाहतांना, आणि प्रसंगानंतर. शिकागो, डॅलस, फिलाडेल्फिया आणि सॅन डिएगो ह्या चार शहरांच्या दलांत ती अमलांत आणून पाहण्याचें ठरलें. ह्या यादीचें मर्म असें कीं ती मुख्यतः पॅरामेडिकास प्रश्न विचारीत नाहीं, दलास विचारते. ही सर्व माणसास सुधारण्याची यादी नसून माणूस जेथें काम करतो त्या घराची डागडुजी करण्याची यादी आहे.

यादीचें नांव निघालें म्हणजे आपल्या वाचकांस अतुल गावंडे आठवतील. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यांतील उटी गांवचे. त्यामुळें आपण त्यांस हक्कानें आपले म्हणतों. जागतिक आरोग्य संघटनेसाठीं त्यांच्या पुढाकारानें झालेली शस्त्रक्रियेची यादी आठ शहरांतील आठ रुग्णालयांत—त्यांत दिल्लींतील एक होतें—वापरून पाहिली, तेव्हां मृत्यूचें प्रमाण शेंकडा १·५ वरून ०·८ वर आलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. मात्र याद्यांच्या भक्तांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत १०१ रुग्णालयांत तीच यादी सक्तीची झाल्यावर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं, असा निष्कर्ष २०१४ सालीं निघाला. सक्तीनें भरलेली यादी ही सक्तीनें म्हटलेल्या आरतीसारखी असते. आपल्याकडे एकादा सचिव फिलाडेल्फियाची यादी जशीच्या तशी छापून प्रत्येक गाडींत टांगील आणि चालकाकडून दररोज १७४ सह्या घेईल, ही आम्हांस खरी भीति वाटते. त्यापेक्षां यादी न आलेलीच बरी.

आतां आमच्यावर येणारा मुख्य आक्षेप. ‘तुम्हीं सगळा दोष लोकांवर ढकललात, पण गाड्या उशिरा येत नाहींत काय? दवाखान्यांत खाटा मिळत नाहींत, पैसे आधीं मागतात, हें खोटें काय?’ नाहीं, खोटें नाहीं. अमेरिकेंत मारणारा बहुधा रुग्ण असतो. आपल्याकडे तो बहुधा रुग्णाचा मुलगा, भाऊ, शेजारी असतो, आणि त्याच्या रागास कारण असतें. परंतु तो राग कोठें उतरतो हें पाहा. महाराष्ट्रांत एकशेंआठची सेवा २०१४ सालीं ९३७ गाड्यांनिशीं सुरू झाली. हांक पुण्याच्या मध्यवर्ती कक्षांत जाते. तेथून मोकळी असेल ती जवळची गाडी निघते. मग रस्ता, खड्डे, वरात, आमच्यासारख्यांच्या मोटारी. मग एका रुग्णालयाचें दार, तेथें नकार मिळाला तर दुसऱ्याचें. ह्या सबंध साखळींत चालकाच्या हातीं काय असतें? एक भोंगा आणि एक चाक. गाड्या किती असाव्या हें त्यानें ठरविलेलें नाहीं, खाटा त्यानें कमी केलेल्या नाहींत. तो आणि त्याच्या शेजारची ती तरुण डॉक्टर ह्या एवढ्या मोठ्या यंत्रणेचीं, हाताच्या अंतरावर सांपडणारीं दोनच माणसें आहेत. म्हणून त्यांची कॉलर धरली जाते. मंत्र्याची कॉलर लांब असते. रागास कारण आहे म्हणून मार योग्य ठिकाणीं पडला असें होत नाहीं. उलट, चुकीच्या जागीं राग ओतून टाकल्यामुळें योग्य जागीं न्यावयास तो शिल्लक राहत नाहीं, हें तर आपलें दुहेरी नुकसान.

मग कायदा? कायद्यांची वाण नाहीं. महाराष्ट्रानें २०१० सालीं वैद्यकीय सेवेंतील व्यक्तींवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई. २०१९ सालीं केंद्रानें दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा एक मसुदा केला व तो बाजूस पडला. २०२० च्या वटहुकुमानें आणि त्यामागून झालेल्या कायद्यानें साथीच्या काळापुरती सात वर्षांपर्यंत कैद आणि पांच लाखांपर्यंत दंड ठरविला. ऑगस्ट २०२४ मध्यें कलकत्त्याच्या एका सरकारी रुग्णालयांत तरुण डॉक्टर स्त्रीवर जो अत्याचार व तिचा खून झाला, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानें २० ऑगस्टला राष्ट्रीय कृतिदल नेमलें. ब्रिटनमध्येंहि हीच चाल दिसते: २०१८ सालच्या कायद्यानें तातडीच्या सेवकांवरील हल्ल्यास बारा महिन्यांपर्यंत शिक्षा, २०२२ सालीं ती दुप्पट. आम्ही ह्यांपैकीं एकाहि कायद्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु कायदा नोंदीवर चालतो, आणि नोंद कोणी करावी? कंत्राटावर नेमलेला चालक, ज्यास पुढील करार मिळेल कीं नाहीं ह्याची चिंता आहे, तो ठाण्यावर जाऊन सहा तास बसणार, आपली पाळी बुडविणार, आणि ‘तूच भांडण काढलें असशील’ हें वरिष्ठांकडून ऐकून घेणार, अशी अपेक्षा करणें म्हणजे कायद्याची थट्टा आहे. शिक्षेचीं वर्षें तीनाचीं सात केलीं तरी जी तक्रार झालीच नाहीं तिला शून्यच वर्षें मिळतात.

डॉक्टर व आरोग्यसेवकांवर देशांत किती हल्ले झाले असें संसदेंत विचारलें गेलें तेव्हां, सार्वजनिक आरोग्य व पोलीस हे राज्यांचे विषय असल्यानें अशी माहिती केंद्राकडे ठेवली जात नाहीं, अशा अर्थाचें उत्तर शासनानें दिलेलें आहे. डॉक्टरांची ही स्थिति. मग चालकाच्या बटणांची मोजदाद कोण ठेवणार? आणि जें मोजलें नाहीं तें घडलेंच नाहीं, ही कचेरींतील रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून आमची पहिली मागणी शिक्षेची नाहीं, वहीची आहे. प्रत्येक पाळीच्या शेवटीं शिवी, धक्का, मार, जें कांहीं झालें असेल तें दोन ओळींत लिहून घेणारी वही असावी, आणि ती लिहिल्यानें कोणाची पाळी वा करार जाणार नाहीं असें लेखी वचन असावें. त्या नोंदी दरवर्षीं जाहीर व्हाव्या. ज्या पत्त्यावर पूर्वीं मार झाला आहे तेथें जाणाऱ्या तुकडीस तें आधीं कळावें, व पोलीस येईपर्यंत फाटकाबाहेर थांबण्याचा अधिकार तिला असावा. हें शेवटचें वाचून कोणी दचकेल: थांबल्यामुळें रुग्ण दगावला तर? हा प्रश्न खरा आहे आणि त्यास सोपें उत्तर नाहीं. तथापि धुरानें भरलेल्या खोलींत बंबवाल्यानें श्वासयंत्र लावल्याविना शिरूं नये हें आपण मानतों, आणि तें लावण्यांत जाणाऱ्या क्षणांबद्दल त्यास कोणी दोष देत नाहीं. खालीं पडलेला पॅरामेडिक कोणासहि वांचवूं शकत नाहीं. आणि मार खाल्ल्यावर त्या दिवसाची उरलेली पाळी भरपगारी सुटी म्हणून मिळावी, ही मागणी तर इतकी लहान आहे कीं ती करतांना आम्हांसच संकोच वाटतो. गिरणींत बोट कापलेल्या माणसास त्याच यंत्रावर पुन्हा तासाभरानें कोणी उभें करीत नाहीं.

आमच्या इमारतीची सभा त्या घटनेनंतर दुसऱ्या रविवारीं भरली. रुग्णवाहिका उशिरा आल्याबद्दल संबंधितांकडे निषेधाचें पत्र पाठवावें असा ठराव मांडला गेला. आम्हीं सुचविलें कीं फाटकाशीं लावलेल्या मोटारींचा, जिन्यांतील सायकलींचा आणि चालकास झालेल्या धक्काबुक्कीचा उल्लेखहि इतिवृत्तांत असावा. मोटारींविषयीं पुढील सभेंत विचार करण्याचें ठरलें. सायकलींस हरकत नव्हती. धक्काबुक्कीचें मात्र लिहूं नये असें बहुतेकांचें मत पडलें. अध्यक्ष हसून म्हणाले, ‘अहो, तेवढं कशाला? चालायचंच.’ आम्हीं आमचें वेगळें मत नोंदवून घ्यावें असा आग्रह धरला, आणि तें शेवटीं पेन्सिलीनें समासांत लिहिलें गेलें.